संकटकाळींचा भरंवसा : पंडिता रमाबाईंचें उदाहरण

कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या दिशेनें निघाली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. या टापूंतील कुटुंबांना आयुष्याची अनिश्चितता पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. उल्हासनगर वसलें तेंच मुळीं फाळणीनंतर घरदार मागें टाकून आलेल्या सिंधी निर्वासितांमुळें. महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं उभ्या राहिलेल्या त्या वस्तीला १९४९ सालीं हें नांव मिळालें. २००५ च्या जुलैंतील उल्हास नदीचा पूर बदलापूरकर अजून विसरलेले नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं तर याच मार्गावर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून पडली आणि एक हजाराहून अधिक उतारूंना होड्यांच्या साह्यानें बाहेर काढावें लागलें. रात्रीं निश्चिंतपणें निजावें आणि सकाळीं चहूंकडे पाणी दिसावें, असा जीवनाचा प्रकार कित्येकदां असतो.

अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्य म्हणतो, देवावर भरंवसा ठेवावा. शब्द सोपे आहेत. पण त्यांचा अर्थ काय? भरंवसा ठेवणाऱ्याच्या घरीं संकट येत नाहीं, असा अर्थ असेल तर अनुभव त्याला पदोपदीं खोटा ठरवितो. जें व्हावयाचें तें होवो म्हणून स्वस्थ बसावें, असा असेल तर श्रद्धा आणि आळस यांत अंतर उरत नाहीं. याहून निराळा कांहीं अर्थ आहे काय, हें पाहावयाचें तर तीच वाट धरून घाट चढावा, पुणें मागें टाकावें आणि दौंडच्या अलीकडे केडगांवीं उतरावें. पंडिता रमाबाईंनीं उभारलेलें मुक्ति मिशन तेथें आजहि नांदतें आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि तीच विद्या आईकडून मुलीला मिळाली. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत, पुराणें सांगून निर्वाह करी. व्रतें, दानें, उपासना यांत त्यांनीं कांहीं उणें ठेविलें नाहीं. तरीहि दुष्काळ आला, जवळचा पैका सरला, आणि १८७४ च्या सुमारास वडील, आई व थोरली बहीण थोडक्या काळांत एकामागून एक गेलीं. पुढें १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला. १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें गेले. त्या वेळीं रमाबाईंना चोविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें, आणि पदरीं वर्षाचीहि न झालेली मनोरमा होती.

१८८३ सालीं इंग्लंडांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. जिनें आईबापांची भक्ति पाहिली आणि त्यांचें अन्नावांचून झालेलें मरणहि पाहिलें, तिनें पुन्हां देवावर विसंबावें तें कोणत्या बळावर? अमुक दिलें तर अमुक मिळेल, या हिशेबावर उभारलेली भक्ति पहिल्याच दुष्काळांत कोसळते. आणि हा हिशेब कोणा एका धर्माची मिरास नव्हे. देवळांत नवस बोलणाऱ्याप्रमाणें चर्चमध्यें गुडघे टेकणाराहि तो मनांत मांडीत असतो. ईयोबाच्या ग्रंथांतील सैतानाचा आक्षेप हाच आहे कीं, ईयोबाची भक्ति लाभापुरती आहे. ईयोबाचें सर्वस्व जातें. दुःखाचें कारण त्याला शेवटपर्यंत कळत नाहीं. मात्र देव स्वतः त्याच्याशीं बोलतो, आणि तेवढ्यानें तो शांत होतो. गेथशेमाने बागेंत खुद्द येशूनें दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली; तो टळला नाहीं. म्हणून ख्रिस्ती भरंवशाचा पाया संकट टळण्यावर नाहीं. संकटांत साथ न सोडणाऱ्यावर आहे.

असा भरंवसा हातपाय गाळूं देत नाहीं, हें केडगांवीं दिसून येतें. १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें व पुढील वर्षीं पुण्यास नेलेलें शारदासदन अमेरिकेंतील मंडळींनीं दहा वर्षांपुरत्या पत्करलेल्या साह्यावर चाले. ती मुदत संपल्यावर काय, ही चिंता होतीच. त्या काळांत रमाबाईंनीं जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांचीं चरित्रें वाचलीं आणि हिंदुस्थानांतहि केवळ देवावर विसंबून कार्य चालेल काय, हा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. त्याच बाईंनीं केडगांवीं जमीनहि घेतली. १८९६–९७ चा दुष्काळ पडतांच त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचे निर्बंध असल्यामुळें त्यांना केडगांवच्या माळावर नेणें भाग पडलें. तेथें प्रार्थना चाले आणि विहिरीहि खणल्या जात. शेती, विणकाम, छापखाना हे उद्योग पुढें उभे राहिले. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर आश्रमांतील माणसें दोन हजारांच्या घरांत गेलीं. देव देईल या विश्वासानें कुदळ हातीं घेतली जात होती. ती खालीं ठेविली जात नव्हती.

तथापि दुःखानें रमाबाईंची पाठ सोडली नाहीं. आईच्या कार्याचा भार उचलणारी मनोरमा १९२१ सालीं, ऐन चाळिशींत, वारली. रमाबाई थकल्या होत्या, कानांनीं अधू झाल्या होत्या. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं आरंभिलेलें सर्व बायबलचें सोपें मराठी भाषांतर तेव्हां पुरें व्हावयाचें होतें. लेकीच्या मागें त्यांनीं तें काम सोडलें नाहीं.

नोकरी जाते, घरांत दुखणें शिरतें, पुराचें पाणी उंबरठ्याशीं येतें. अशा वेळीं रडूं आलें तर तो श्रद्धेचा अभाव नव्हे. लाजाराच्या कबरीशीं येशूहि रडला. शेजाऱ्याचें साह्य मागणें हाहि अविश्वास नव्हे. देवाचें साह्य बहुधा माणसाच्याच हातून येतें. ‘हें माझ्याच वांट्याला कां?’ या प्रश्नाला उत्तर मिळेलच असें नाहीं. पण आज समोर असलेलें कर्तव्य कोणतें, हें बहुधा कळतें. तें करावें आणि उद्यांचा दिवस ज्याचा आहे त्याच्या हातीं सोंपवावा. रमाबाईंनीं हेंच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला, तेव्हां भाषांतर पुरें झालेलें होतें.