पर्ल हार्बर आणि त्यानंतरची यादी
७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेने तेल रोखलं होतं, जपानला आग्नेय आशियातलं तेल हवं होतं आणि वाटेत अमेरिकी आरमार होतं. २,४०३ अमेरिकी मेले. मला बोलायचंय ते पुढच्याबद्दल. फेब्रुवारी १९४२च्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! कुठल्या वस्तीत ते किती आहेत, याचे तक्ते जनगणना खात्याने पुरवले. डेटाबेस बनवणं माझं रोजचं काम, म्हणून हे मला टोचतं. गंमत म्हणजे, जिथे बॉम्ब पडले त्या हवाईत सरसकट धरपकड झालीच नाही; तिथे मजूर कमी पडले असते. माफी मिळाली १९८८ साली. माणशी २०,००० डॉलर, तेही हयात असलेल्यांना.