रात्रीत बुजवलेले खिंडार

(अहिल्यानगर येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की पालक मला गाठतात. प्रश्न ठरलेला असतो : ‘पोराला सायबर सिक्युरिटीत घालायचंय, कोणता कोर्स लावू?’ कोर्सचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण हे काम नेमके काय असते ते आधी सांगायला हवे, आणि त्यासाठी मला आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात करावी लागेल.

1595 साल सरत असताना शहजादा मुरादच्या मोगल फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. तट दगडी, भोवती खंदक. समोरून शिरणे अवघड, म्हणून मोगलांनी तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरली. शत्रूच्या गोटातून आत खबर पोहोचली. किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने माणसे लावून सुरुंग शोधायला घेतले. काही सापडले, ते निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबिबी स्वतः तिथे उभी राहिली, हल्ला परतवला आणि रात्रीतून खिंडार बुजवून घेतले.

खबर ठेवणे, भेग शोधणे, हल्ला चालू असताना जागे राहणे आणि पडलेले पुन्हा उभे करणे. कॉम्प्युटर सुरक्षेतल्या नोकऱ्या आजही याच चार कामांभोवती आहेत. आपल्या मुलांना यातले फक्त दुसरे काम ठाऊक असते. त्याला ती ‘हॅकिंग’ म्हणतात. पण नवख्याला बहुधा तिसऱ्या कामावर उभे करतात. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, पाळीपाळीने, रात्रीसुद्धा, पडद्यावर सरकणाऱ्या नोंदी बघत बसायचे आणि हजारांतली एक वेगळी नोंद ओळखायची. ती ओळखता यायची तर रोजची नोंद कशी असते ते आधी कळले पाहिजे.

याचे उदाहरण शेजारच्या पुण्यात आहे. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँक, 1906 सालची. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र आपल्याला ओळखत नसते. ते ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेला विचारते : या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर घुसवून या वाटेवर स्वतःचा खोटा स्विच बसवला. प्रश्न बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत पोहोचेचना. मधला खोटा स्विचच ‘द्या’ म्हणत राहिला. 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. 13 तारखेला ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94.42 कोटी रुपये. पुढे 2023मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणातली माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट रक्कम नाही, ती वाट आहे. एटीएमचा प्रश्न कुठून कुठे जातो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच वाटेत बसलेला चोर दिसेल. म्हणून मुलांनो, हल्ल्याची हत्यारे नंतर. आधी वाटा शिका. आयपी पत्ता, पोर्ट आणि डीएनएस म्हणजे काय, तुम्ही मोबाइलवर एक बटण दाबल्यावर तो संदेश कुठून कुठे जातो, हे कागदावर काढून दाखवता आले पाहिजे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि रोज वापरा. पायथॉनमध्ये छोटे छोटे प्रोग्राम लिहा. वायरशार्कमध्ये स्वतःच्याच घरातल्या नेटवर्कवरची ये-जा पाहा. ओव्हरदवायरचा ‘बँडिट’ खेळ, पिकोसीटीएफ आणि पोर्टस्विगरचे वेब सुरक्षेचे धडे फुकट आहेत. ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरही अभ्यासक्रम आहेत. रीतसर शिकायचे तर सी-डॅकचा या विषयातला पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर रोज एक पान वाचा आणि समजलेले मराठीत वहीत लिहा. मी तसाच शिकलो.

माझी सुरुवात एका दूध संकलन केंद्राच्या कॉम्प्युटरवर झाली. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचो. दहा दिवसांच्या पेमेंटच्या आदल्या दिवशी हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्ह लावला, तर फायलींची नावे होती, आत काहीच नव्हते. कित्येक महिने मी रिकाम्या फायली जपून ठेवत होतो. मग तीन रात्री कागदी पावत्यांवरून लिटर, फॅट आणि एसएनएफ पुन्हा भरले. पेमेंटच्या दिवशी सकाळी दारात आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने एवढेच विचारले, “माझ्या म्हशीचं दूध गेलं का रं?”

पुढे पुस्तकात वाचले की सुरक्षेचे तीन पाय असतात : गुप्तता, अचूकता आणि उपलब्धता. माहिती चोरीला जाऊ नये, बदलली जाऊ नये आणि हवी तेव्हा मिळावी. त्या बाईच्या हिशेबात गुपित काहीच नव्हते. तिला तो बरोबर हवा होता आणि त्या दिवशी हवा होता. या क्षेत्रात मी जे काही शिकलो, ते तिच्या प्रश्नाला उत्तर देता यावे म्हणूनच, असे मी मानतो.

म्हणून पहिली नोकरी हेल्पडेस्कची, केबल ओढण्याची किंवा प्रिंटर दुरुस्तीची मिळाली तर ती कमी समजू नका. वाटा तिथेच कळतात. पालकांनाही विनंती आहे. ‘सहा महिन्यांत हॅकर, नोकरीची हमी’ अशा जाहिरातीला शेत गहाण टाकून पैसे भरू नका.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगतो. दुसऱ्याच्या यंत्रणेला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. कॉलेजच्या नाही, मित्राच्या नाही, ‘फक्त बघितलं’ म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000च्या 43 आणि 66 या कलमांखाली असल्या कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगी लेखी हवी. आणि कुठे उणीव दिसलीच, तर ती मित्रांत मिरवायची नाही. संस्थेला किंवा सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवायची. तट एकच, भेगही तीच. खणणारा आणि बुजवणारा यांत फरक परवानगीचा आणि हेतूचा.

काम मात्र पुण्या-बंगळुरातच आहे असे समजू नका. 1950मध्ये लोणीला प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हा जिल्हा सहकारावर वाढला. तेव्हा सभासदाचा विश्वास वहीत नोंदलेला असे, आज तो सर्व्हरवर आहे. पतसंस्था, दूध संघ, सोसायट्या, सगळीकडे कॉम्प्युटर आले. त्यांची राखण करणारी माणसे त्या वेगाने आलेली नाहीत.

तेव्हा ज्याला या क्षेत्रात यायचे आहे, त्याने सोमवारी सकाळी आपल्या गावच्या पतसंस्थेत जावे, नमस्कार करावा आणि मॅनेजरसाहेबांना एवढेच विचारावे, “साहेब, तुमचा बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला होता?” उत्तर देताना ते अडखळले, तर लेखी परवानगी मागा, त्यांच्या माणसाला शेजारी बसवा आणि तो उघडून पाहा. तुमची सुरुवात तिथे झाली.