कोमट पाण्याची मागणी



या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राज्यकारभार अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने होतात. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. तेव्हा विषयही मी तिथलाच आणला आहे. रसायनाच्या कारखान्यात कामगाराच्या अंगावर तेजाब किंवा कास्टिक उडाले, तर ज्या पाण्याखाली त्याने उभे राहायचे ते पाणी किती थंड वा किती गरम असावे, एवढाच आजचा प्रश्न. ऐकायला तो क्षुल्लक वाटेल. पण माणसाचा डोळा राहतो की जातो हे त्यावर ठरू शकते.

आधी हे समजून घेऊ, की पाणी म्हणजे डॉक्टर येईपर्यंतचा विरंगुळा नव्हे. पहिला आणि मुख्य उपचार तोच. बहुतेक तेजाब डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिने गोठवते आणि त्या गोठलेल्या थराने स्वतःची वाट थोडी अडवून घेते. कास्टिक सोडा तसे करीत नाही. तो पेशींतल्या चरबीचा साबण करीत आत आत उतरतो. दुखणे कमी झाले म्हणून तो थांबला असे मुळीच नसते. म्हणूनच भरपूर पाणी, तेही लगेच आणि पुष्कळ वेळ, असा नियम झाला.

अमेरिकेत या साधनांचे पहिले राष्ट्रीय मानक १९८१ साली निघाले. आपल्या भारतीय मानक संस्थेनेही १९८२ साली, म्हणजे अवघ्या वर्षभरात, आपले मानक काढले. अमेरिकन मानकाचा हिशेब साधा आहे. धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत माणूस तिथे पोचला पाहिजे. दांडा ओढला की एका सेकंदात पाणी सुरू व्हावे आणि हात सोडला तरी चालू राहावे. डोळे धुण्याच्या कारंज्याला मिनिटाला दीड लिटर, अंगावरच्या फवाऱ्याला मिनिटाला सुमारे ७६ लिटर, आणि दोन्ही सलग पंधरा मिनिटे. फवाऱ्याचे पंधरा मिनिटांचे पाणी झाले सुमारे ११४० लिटर!

आता कळीचा मुद्दा. पंधरा मिनिटे उभे राहायचे, पण माणूस उभा राहू शकला पाहिजे ना? म्हणून त्याच मानकाने पाणी कोमट असावे असे म्हटले आणि पुढे त्याचे आकडेही घातले: १६ अंश सेल्सिअसपासून ३८ अंशांपर्यंत. त्याहून थंड असेल तर अंग काकडते आणि माणूस वेळेआधीच बाहेर पळतो. त्याहून गरम असेल तर डोळ्याला इजा होते आणि रसायनाचा मारा उलट वाढतो.

उत्तर महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात, जानेवारीच्या रात्रपाळीत, एका कामगाराच्या मानेवर आणि खांद्यावर कास्टिक उडाले. फवारा होता आणि चालूही झाला. टाकी उघड्यावर, रात्रभर गारठलेली. गडी दोन-तीन मिनिटांत कुडकुडत बाहेर आला. जखमा खोल गेल्या. चौकशीच्या कागदावर काय लिहिले? ‘सूचनेप्रमाणे पंधरा मिनिटे न थांबल्याने, कामगाराचा निष्काळजीपणा.’ पाण्यात थर्मामीटर कोणी बुडवला नव्हता. मंडळी, भर थंडीत, ओल्या कपड्यांनी, बर्फासारख्या पाण्याखाली पाव तास उभे राहण्याचा हुकूम सोडणे सोपे आहे. ज्या साहेबांनी तो शेरा मारला त्यांनी स्वतः तिथे पाच मिनिटे उभे राहून पाहावे, एवढेच आम्ही म्हटले.

मग उपाय काय? थंड मुलखांतल्या कारखान्यांत आता टाकीविना चालणारे विजेचे बंब बसवतात. घरातल्या इन्स्टंट गीझरचाच हा थोरला भाऊ. वाहते पाणी तापलेल्या कांड्यांवरून जाते आणि जाता जाता कोमट होते. पाणी साठवावे लागत नाही, म्हणून ते संपत नाही. शिवाय कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस पडून राहिले की त्यात जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात जो न्यूमोनिया पसरला, त्याचा जंतू अशाच कोमट, साचलेल्या पाण्यात फोफावतो. टाकीविना बंबाने ही भीती पुष्कळ कमी होते. नळात उभे राहणारे पाणी मात्र आठवड्याला वाहवून टाकावेच लागते.

पण यंत्राची पूजा करण्याआधी हिशेब करावा. पाणी १० अंशांवरून २५ अंशांवर न्यायचे असेल, तर डोळ्यांच्या कारंज्याला दीड किलोवॅटच्या आसपास वीज पुरते. फवाऱ्याला मात्र सुमारे ८० किलोवॅट लागते. घरातला गीझर तीन किलोवॅटचा धरला तर असे सव्वीस-सत्तावीस गीझर एकदम लावल्यासारखे झाले. त्याला तीन फेजची जाड लाईन हवी. दुसरे असे, की कारंजे आणि फवारा यांच्या पाण्यात पन्नासपटींचा फरक आहे. फवाऱ्याची उष्णता चुकून कारंज्याच्या पाण्याला मिळाली तर डोळ्यात उकळते पाणी जाईल! म्हणून पाण्याचा वेग ओळखून वीज कमीजास्त करणारा आणि तापमान चढताच वीज तोडणारा बंबच हवा. बाजारातला गीझर आणून फिटरने जोडून दिला, हे चालणार नाही. तिसरे असे, की अपघातात पुष्कळदा वीजच बंद होते. वीज गेली तरी पाणी वाहिलेच पाहिजे. थंड तर थंड. आणि कामगार बंधूंनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: पाणी थंड आहे म्हणून धुणे कधीही थांबवू नका.

आपल्या मुलखात आणखी एक गोष्ट आहे. निफाडकडे हिवाळ्यात काही रात्री पारा १० अंशांखाली जातो, तिथे बंबाची गरज पडू शकते. पण चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात उलट दुखणे. पत्र्यावरून गेलेला नळ आणि उन्हातली काळी टाकी यांतून पहिले पाणी पोळणारेच निघते. तिथे बंब कशाला? टाकीवर सावली, नळाला उष्णतारोधक वेष्टन, शक्य तिथे नळ जमिनीखालून, आणि तापलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारी झडप, एवढे केले की पुष्कळ काम होते. खर्चाचे रडगाणे गाणाऱ्या मालकांना हा खर्च खात्रीने झेपेल.

भोपाळची वायुगळती १९८४ सालची. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कामगाराला धोक्याची माहिती मिळावी, सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, हे त्यात आले. हजारो माणसे मेल्यावर ते आले, हे विसरू नये. २०२० साली संसदेने नवी संहिता मंजूर केली. कायद्याचे नाव कोणतेही असो, समितीच्या बैठकीत चहा पिऊन सही करणारा प्रतिनिधी आणि थर्मामीटर घेऊन जाणारा प्रतिनिधी यांत फरक राहणारच.

म्हणून माझे सांगणे फार थोडे आहे. पगारवाढीच्या मागणीपत्रकात एक ओळ वाढवा: आठवड्यातून एकदा प्रत्येक फवारा आणि कारंजे कामगारांसमोर चालू करावे, पाण्याचे तापमान मोजावे आणि तो आकडा तिथेच फळ्यावर लिहावा. हिवाळ्यात पहाटे आणि उन्हाळ्यात दुपारी मोजावे, सोयीच्या वेळी नव्हे. आकडा १६ ते ३८ यांच्या बाहेर गेला तर दुरुस्ती कोणी आणि कधीपर्यंत करायची तेही लिहावे. ही मागणी मान्य करायला कोणत्याही मालकाचे दिवाळे निघणार नाही. आणि ती जो नाकारील, त्याला कामगाराच्या निष्काळजीपणाविषयी बोलण्याचा अधिकार उरणार नाही.