नोंद कुणी केली, ते लिहा



आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुमच्यापैकी कुणी उद्या वार्ताहर होईल, कुणी वकील, कुणी पोलीस खात्यासाठी संगणकप्रणाली तयार करील, कुणी व्यसनमुक्ती केंद्रात रुजू होईल. एकाच माणसाबद्दल या चारही ठिकाणी लिहिलं जातं आणि कुठला शब्द तटस्थ यावरून वाद होतात. हे वाद शब्दांचा कीस पाडण्याचे आहेत असं म्हणून लोक सोडून देतात. मला ते पटत नाही, म्हणून आज त्यावरच बोलतो.

अमेरिकेत प्रेडपोल नावाच्या कंपनीची एक प्रणाली होती. सांताक्रूझ, लॉस एंजेलिस इथले पोलीस ती वापरत. शहराच्या नकाशावर पाचशे फूट लांबी-रुंदीचे चौकोन दाखवून ती गस्त कुठे घालावी ते सुचवायची. कंपनीच्या भाषेत हे गुन्ह्यांचं भाकीत होतं. विरोधकांच्या भाषेत ते वंशवादी यंत्र होतं. २०१६ साली क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी या प्रणालीमागची प्रसिद्ध झालेली गणिती पद्धत घेतली आणि ओकलंड पोलिसांच्या २०१० सालच्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या नोंदी तिला पुरवल्या. राष्ट्रीय पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार सेवन करणारे लोक शहरभर पसरलेले होते. पोलिसांच्या नोंदी मात्र वेस्ट ओकलंड आणि इंटरनॅशनल बुलेव्हार्डच्या परिसरात एकवटलेल्या. साहजिकच प्रणालीनं पोलिसांना पुन्हा तिथेच धाडलं असतं, आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला हे लक्ष गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आलं असतं, सेवनाचं प्रमाण जवळपास सारखं असूनही.

याची बातमी कशी लिहाल? ‘भाकीत’ लिहिलंत तर कंपनीची जाहिरात झाली, कारण हाती असतो तो नोंदींचा साठा, घडलेल्या सगळ्या गुन्ह्यांचा नव्हे. ‘वंशवादी यंत्र’ म्हणालात तर वाचकाला वाटेल की माणसाचा वर्ण बघून ती निवड करते; प्रणालीला वर्ण सांगितलेलाच नसतो. शिवाय अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी आमची प्रणाली वापरत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं, तेही वाचकाला कळायला हवं. मग बहुतेक वृत्तसंपादक काय करतात? ‘वादग्रस्त प्रणाली’ लिहून मोकळे होतात. ही पळवाट आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. वाद आहे एवढंच कळतं, कशाचा आहे ते कळत नाही. त्यापेक्षा ‘पोलिसांनी पूर्वी जिथे गुन्हे नोंदवले त्यावरून पुढची गस्त सुचवणारी प्रणाली’ असं लिहा. चार शब्द जास्त लागतील, लागू देत. दोन्ही बाजूंच्या बरोबर मधला शब्द शोधणं म्हणजे तटस्थता नव्हे. काय मोजलं आणि कुणी मोजलं ते लिहिलं, की तुमचा वाचक स्वतः ठरवू शकतो.

शिकागो पोलिसांच्या यादीचंही असंच झालं. हिंसाचारात ज्यांचा संबंध येण्याची शक्यता आहे अशा लोकांना त्या यादीत गुण दिले जात. संबंध म्हणजे गोळी झाडणं, आणि गोळी लागणंही. लोकांच्या मनात मात्र ती संभाव्य गुन्हेगारांची यादी म्हणूनच राहिली. २०१९च्या अखेरीस ती बंद झाली, पण ज्याला संरक्षण हवं होतं तोही तोवर संशयित ठरलेला होता.

अमली पदार्थांच्या धोरणात तर शब्दांचा परिणाम मोजून झाला आहे. जॉन केली आणि कासांड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या पाचशेहून अधिक जाणकारांना एका रुग्णाची हकिगत वाचायला दिली. मजकूर तोच; निम्म्यांच्या कागदावर तो माणूस गैरवापर करणारा होता, निम्म्यांच्या कागदावर त्याला सेवनाचा विकार होता. पहिला कागद वाचणाऱ्यांनी त्याला अधिक दोषी धरलं आणि शिक्षेकडे त्यांचा कल जास्त झाला. हे उपचार करणारे लोक होते, हे लक्षात घ्या. पोर्तुगालबद्दलही आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की तिथे ड्रग्ज कायदेशीर आहेत. तसं नाही. २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापरापुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण मनाई कायम आहे. असा माणूस एका समितीपुढे जातो. विक्री हा गुन्हाच आहे.

आता आपल्याकडे या. ‘सराईत गर्दुल्ला मुद्देमालासह जेरबंद’ हा मथळा तुम्ही लहानपणापासून वाचत आलात. त्यात तीन निवाडे आहेत आणि न्यायालय अजून बसलेलंही नाही. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा मात्र ग्रॅममध्ये बोलतो. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, २५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण आणि किमान दहा वर्षं सक्तमजुरी. नुसतं सेवन करणं हाही वेगळा गुन्हा आहे, आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला काही अटींवर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. एवढा फरक कायद्यानं केला असताना आपण या चारही प्रकारच्या माणसांना ‘ड्रग्ज प्रकरणातला’ म्हणून एकाच गाठोड्यात का बांधतो? ‘चार ग्रॅम भुकटी सापडली, ती हेरॉइन असल्याचा पोलिसांना संशय आहे, नमुना कालिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवला आहे’ असं लिहायला कुणाची हरकत आहे? पोलिसांचीही नसावी. प्रामाणिक तपास अधिकारी आपल्या पंचनाम्यात असंच लिहितो.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही संस्था उभी केली. त्याला माझा विरोध नाही. तपास लवकर व्हावा असं मलाही वाटतं. अशा प्रणालींवर तुमच्यातले काही जण काम करतील, आणि एखाद्या दुपारी तुमच्यापुढे एक कोरा तक्ता येईल. त्यातल्या रकान्यांची नावं तुम्हाला ठरवायची असतील. ‘गुन्हेगार’ लिहू नका, ‘ज्याच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला ती व्यक्ती’ लिहा. नोंद कुठल्या ठाण्यानं, कुठल्या तारखेला केली ते शेजारी येऊ द्या. आणि खटल्याच्या निकालाचा रकाना आधीच ठेवा, म्हणजे निर्दोष सुटलेल्या माणसाचं सुटणंही त्याच ओळीत दिसेल. वरिष्ठ म्हणतील, वेळ नाही, नंतर बघू. तरी आग्रह धरा.