नादारी एकाची, घर अनेकांचे



व्यापारात खोट आली, देणे फिटेनासे झाले आणि धनको न्यायालयात गेले, म्हणजे गावात प्रथम चर्चा होते ती दुकानाची. घराची आठवण मागाहून होते. घर एकट्या ऋणकोचे असेल तर प्रश्न सरळ असतो. परंतु आपल्याकडील पुष्कळ घरे एकट्याची नसतात. ती भावाभावांची असतात, पतिपत्नींनी जोडनावावर घेतलेली असतात. आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या घरात मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. अशा घरातील एक हिस्सेदार नादार ठरला, तर इतरांच्या डोक्यावरील छप्पर राहते की जाते, हे ग्रामपंचायत सदस्यांना व शिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण घाबरलेला माणूस वकिलाकडे जाण्यापूर्वी बहुधा त्यांच्याकडेच येतो.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील दोन भावांचे घर घ्यावे. थोरला प्राथमिक शिक्षक, धाकट्याचे कापडाचे दुकान. घरात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. धाकटा नादार जाहीर झाला. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा बराच बोलबाला झाला. तथापि तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू करण्यात आला तो कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य दुकानदाराचे प्रकरण जुन्याच कायद्याने चालते. मुंबई शहरात तो १९०९ चा, तर उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम होय.

या अधिनियमानुसार नादाराची मालमत्ता न्यायालयाकडे अथवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि ती अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून गेली असे मानले जाते. परंतु जाते ती नादाराची मालमत्ता. रिसीव्हर धाकट्याच्या जागी येऊन उभा राहतो. धाकट्याला जेवढा हक्क होता, तेवढाच त्याला मिळतो. थोरल्याचा निम्मा हिस्सा थोरल्याचाच राहतो. बहिणीचा हिस्सा असल्यास तोही तिचाच.

मात्र हिस्सा सुरक्षित राहिला म्हणजे घर सुरक्षित राहिले असे नव्हे. लहानशा घरात मधोमध भिंत घालून वाटणी होत नाही. १८९३ च्या वाटणी अधिनियमानुसार अशा वेळी निम्म्या वा अधिक हिश्श्याच्या मालकांनी विनंती केल्यास न्यायालय संपूर्ण घर विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकते. त्याच कायद्याने थोरल्याला एक वाट मोकळी ठेवली आहे : न्यायालय ठरवील त्या किमतीस समोरचा हिस्सा स्वतः विकत घेण्याची तयारी त्याने दाखवावी. रिसीव्हरने धाकट्याचा हिस्सा परक्या माणसास विकला तरीही वाट बंद होत नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्यास त्या घरात सामाईक कब्जा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ सांगते. त्याने वाटणीचा दावा लावला, तर घरातील हिस्सेदार मूल्यांकनाप्रमाणे त्याचा भाग घेऊ शकतो. कायदा हक्क देतो, पैसा देत नाही. म्हणून भविष्य निर्वाह निधी असो वा नातलगांकडून घेतलेली उसनवार असो, रकमेची जुळवाजुळव थोरल्याने आरंभापासूनच करणे शहाणपणाचे.

हे सारे थोरल्याने कोठे सही केलेली नसेल तर. येथेच बहुसंख्य घरे बुडतात. भावाच्या आग्रहाखातर भागीदारीपत्रावर नाव घातले असेल, तर पेढीच्या संपूर्ण देण्यास प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. जामीन म्हणून सही असेल, तर करारात अन्यथा ठरले नसल्यास जामीनदाराचे दायित्व मुख्य ऋणकोइतकेच असते. एवढेच नव्हे, तर पुढे न्यायालयाने धाकट्याला नादारीतून मुक्त केले तरी त्याचे भागीदार, सहऋणको व जामीनदार मुक्त होत नाहीत. आणि दोघांनी मिळून घर गहाण दिले असेल, तर नादारीचा कायदा गहाणदाराचा हात धरीत नाही. तो संपूर्ण घरावर आपली वसुली करू शकतो.

पतिपत्नींच्या जोडनावाच्या घरात प्रश्न उठतो तो कोणाचा हिस्सा किती याचा. खरेदीसाठी दोघांनी वेगवेगळी रक्कम दिली असेल आणि उलट करार नसेल, तर कलम ४५ नुसार हिस्से त्या प्रमाणात ठरतात; पुरावा नसेल तर ते समान मानले जातात. पत्नीने दागिने मोडून दोनतृतीयांश रक्कम दिली, पण ती रोखीने दिली आणि कागद ठेवला नाही, तर तिचा सहावा हिस्सा धनकोंच्या पदरात जाण्याची भीती आहे. बँकेचे पासबुक व सोनाराची पावती ही अशा वेळी खरेदीखताइतकीच जपून ठेवावयाची वस्तू आहे.

संकट दिसू लागताच घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. तो फुकट असतो आणि महाग पडतो. मोबदल्याविना केलेल्या अशा हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज होऊन नादारी जाहीर झाली, तर रिसीव्हर ते रद्द करून घेऊ शकतो. शिवाय लबाडीचा डाग लागतो आणि पुढे नादारीतून मुक्तता मागताना तो आडवा येतो.

शेतकऱ्यांचे वेगळे आहे. जो स्वतः शेती कसतो व मुख्यतः तिच्यावरच जगतो, त्याचे राहते घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये जप्त होऊ शकत नाही. मजुराच्या व घरगुती नोकराच्या घरासही हेच संरक्षण आहे. जे जप्त होऊ शकत नाही, ते रिसीव्हरकडेही जात नाही. हे संरक्षण आपण सोडीत आहोत असे कोणी लिहून घेतले, तरी तो करार निरर्थक ठरतो. गहाण दिलेल्या घरास मात्र हा आधार नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. त्यावर एकट्या धाकट्याचे नाव आहे म्हणून रिसीव्हरने सगळे घर यादीत घेतले, तर थोरल्याने खरेदीखत, वाटणीपत्र अथवा वारसनोंदीची कागदपत्रे घेऊन नादारीच्या न्यायालयातच जावे. मालकीचा वाद ठरविण्याचा अधिकार त्या न्यायालयास आहे. रिसीव्हरच्या कृतीविरुद्ध अर्ज करण्याची मुदत त्या कृतीपासून २१ दिवसांची आहे.