देवघेव आणि पोच



मराठीच्या अध्यापकाने बिनतारी संवेदकांच्या जाळ्यांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचे मर्म आपल्या वाचनालयातल्याच एका शब्दात आहे: देवघेव. पुस्तक सभासदाच्या नावे लिहिले पण कपाटातच राहिले, किंवा पुस्तक गेले पण नोंद झाली नाही, तर देवघेव पुरी झाली नाही. दोन्ही घडावे, नाही तर काहीच घडू नये. संगणकशास्त्रातला ‘व्यवहार’ तो हाच. एका टेबलाशी बसून तो सहज साधतो. देणारा आणि घेणारा डोंगरावर विखुरले म्हणजे पंचाईत होते.

२००५ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी इक्वेडोरमधील रेव्हेंतादोर या जागृत ज्वालामुखीवर १६ संवेदक मांडले. ते १९ दिवस तेथे होते. हादरा जाणवला की संवेदक तळाला रेडिओवरून कळवी. पुरेशा संवेदकांची साक्ष जुळली, तरच तळ प्रत्येकाकडून शेवटच्या ६० सेकंदांची नोंद मागवी. ती तुकड्यातुकड्यांनी येई, आणि जो तुकडा वाटेत हरवे तो पुन्हा मागवावा लागे. नोंद पाठवताना संवेदकाचे मोजमाप बंद असे, त्यामुळे पाठोपाठ आलेला हादरा निसटे. मग तो पहिल्यापेक्षा मोठा का असेना! काही नोंदी पोचल्या, पण त्यांवरील वेळ चुकलेली होती. ती मागाहून सुधारावी लागली.

पोच पाठवली तरी पोचेची पोच कोण देणार? जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये दोन सेनापतींच्या दृष्टान्ताने हा पेच सांगितला. निरोप्या वाटेत हरवू शकत असेल, तर कितीही निरोप धाडले तरी दोघांची पूर्ण खात्री होत नाही. म्हणून व्यवहारात ठरावीक वेळ वाट पाहतात, पुन्हा विचारतात, आणि एकच निरोप दोनदा आला तरी नोंद एकदाच होईल अशी तजवीज करतात.

अशा जाळ्यांसाठी ‘सेवा’ म्हणून आज्ञावली लिहिण्याची पद्धत आहे. आपण ग्रंथपालांकडे पुस्तक मागतो, कपाटाचा क्रमांक विचारत नाही. तसेच ‘उत्तर उतारावरचे हादरे दे’ एवढेच सांगायचे. सोय मोठी, पण मला येथे धोका दिसतो. संवेदक गप्प आहे म्हणजे डोंगर शांत आहे, असे नव्हे. कदाचित विजेरी संपली असेल. सोळांपैकी नऊच बोलले असतील, तर तो नऊचा आकडा उत्तरासोबत आलाच पाहिजे. पायथ्याच्या गावाने रात्री घरे सोडायची की नाही, हे त्या उत्तरावर ठरू शकते.