पंचवीस माद्या, तीन नर



राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रम आहे. त्यात तलंगांचा गट वाटला जातो: आठ ते दहा आठवड्यांचे पक्षी, निम्मे पैसे शासनाचे, निम्मे घेणाऱ्याचे. गटात २५ माद्या आणि ३ नर. मराठवाड्यात घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या घरी असा गट आला, की सुरुवातीला ते तीन नर कोणाच्या नजरेत भरत नाहीत. मग तुरे लाल होतात, मानेवरची पिसे लांबतात, पहाटेचे आरवणे सुरू होते आणि घरात चर्चा निघते. तिन्ही ठेवायचे, एकच ठेवायचा, की आखाडात सगळ्यांनाच बाजार दाखवायचा?

अंडी मिळावीत म्हणून कोंबडा ठेवायची गरज नाही. कोंबडी अंडे देते ते तिच्या वयावर, खुराकावर आणि दिवसाच्या उजेडावर. एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि कोंबडा असो वा नसो, हे काम चालूच राहते. दुकानात ट्रेमध्ये मिळणारी पांढरी अंडी अशाच कोंबड्यांची असतात; त्यांनी उभ्या जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. कोंबडा लागलेल्या अंड्यात ताकद जास्त, असे गावोगावी मानले जाते. पण फलित आणि अफलित अंड्याच्या पोषणात फरक नाही. गावरान अंड्याचा बलक गडद दिसतो तो परसातला हिरवा पाला आणि मका खाल्ल्यामुळे.

कोंबडा लागतो तो पिलांसाठी. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंगाची पिसे फुलवते, जवळ गेले की गुरगुरते, दाण्यापाण्यालाही जेमतेम उठते. टोपलीत भुसा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिले निघतात. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडावर धरून पाहावे. जीव धरला असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. नसेल तर अंडे नितळ दिसते. घरात कोंबडा नसताना खुडूक कोंबडी तशीच बसू दिली, तर ती तीन आठवडे वजन घालवते, अंडीही बंद करते आणि हाती काही लागत नाही.

वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींचे गणित वेगळे आहे. त्या अंडी जास्त देतात, पण खुडूक सहसा बसत नाहीत. त्यांची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली उबवली, तरी आईबापाचे गुण पिलांत जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून फक्त सुधारित माद्या असतील आणि अंडीच विकायची असतील, तर नर पोसणे म्हणजे निव्वळ खर्च. एक मोठा कोंबडा दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खातो. तिघांचे महिन्याला दहा किलो होतात. पण त्याच परसात चार गावरान कोंबड्या असतील, तर सुधारित नर कामाचा ठरतो. त्यांच्या संकरातून निघालेली पिले निव्वळ गावरान पिलांपेक्षा लवकर वाढतात.

संख्येचे म्हणाल, तर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो; शासनाच्या गटातले प्रमाण त्याच हिशेबाचे आहे. पाच-सहा कोंबड्यांत दोन कोंबडे सोडले, तर ते आपसात भांडतात आणि माद्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते. कोंबड्या दमतात आणि अंडी घटतात.

आता मराठवाड्यातल्या उन्हाळ्याबद्दल, कारण खरे नुकसान तिथे होते. फलित अंड्यातला जीव साधारण २१ अंशांच्या पुढे हळूहळू हलू लागतो, आणि उबवणीला ३७-३८ अंश लागतात. वैशाखात पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेल्या अंड्याला तेवढी ऊब आपोआप मिळते. दोन-चार दिवसांत बलकावर रक्ताचे तंतू येतात आणि गिऱ्हाईक अंडे परत करते. अफलित अंडे याच उन्हात जास्त दिवस टिकते. शिवाय कडक उन्हाने कोंबड्याची फलनक्षमताही उतरते. म्हणून होळी झाली की कोंबडा वेगळा करावा, हे अगदी आग्रहाने सांगावेसे वाटते. मात्र वेगळा केला म्हणजे दुसऱ्या दिवशी अंडी अफलित होत नाहीत. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज साठून राहते आणि दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस, फलित अंडी येत राहतात.

राखणीसाठी कोंबडा हवाच, असेही सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. घार, शिकरा दिसला तर कोंबडा एक प्रकारचा आवाज काढतो आणि कोंबड्या दबून आडोशाला पळतात. कुत्रे किंवा मुंगूस दिसले तर वेगळा आवाज काढतो आणि त्या माना उंचावून पाहू लागतात. दाणा सापडला तर माद्यांना हाक मारण्याची त्याची रीतही वेगळीच असते. पण हा पहारा दिवसापुरता. अंधारात कोंबड्याला दिसत नाही, आणि गोदाकाठच्या उसातून रानमांजर येते ते रात्रीच. तेव्हा उपयोग बारीक जाळीच्या आणि पक्क्या कडीच्या खुराड्याचा.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. जपानमधील नागोया विद्यापीठातील शिमुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ साली दाखवून दिले, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेपूर्वी आरवतात. त्यामुळे खुराड्यावर गोणपाट टाकून आरवणे थांबत नाही. त्यांनीच पुढे २०१५ मध्ये मांडले, की आधी कळपातला वरचढ नर आरवतो, मग बाकीचे. याचा अर्थ, तीनचे एक केले तर गोंगाट कमी होईल, पण पहिली बांग ठरल्या वेळीच होईल. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरचा मोरिस नावाचा कोंबडा याच कारणाने कोर्टात पोहोचला होता. २०१९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. घनसावंगीच्या दाट गल्लीत मात्र शेजारणीशी आधी बोललेले बरे. घरात रांगते मूल असेल आणि कोंबडा आर मारणारा असेल, तर तो ठेवूच नये. त्याची झेप मुलाच्या डोळ्यापर्यंत जाते.

सारे धरून पाहिले, तर कोंबडा बारमाही न ठेवता हंगामी ठेवणे इथे जास्त सोयीचे दिसते. दसऱ्याच्या सुमारास नर आणावा, दिवाळीनंतर थंडीत अंडी बसवावीत. जानेवारीत निघालेल्या पिलांत निम्मे नर असतात आणि आखाडात ते सहा महिन्यांचे होतात. श्रावण लागण्याआधी गावरान कोंबड्याला जो भाव असतो, तो एरवी क्वचितच मिळतो. जुना नरही त्याच बाजारात जावा, कारण पुढच्या वर्षी तो आपल्याच लेकींवर येतो, आणि अशी पिले अशक्त निघतात, मरतुक वाढते.

नवा नर दुसऱ्या गावचा घ्यावा. जांब समर्थच्या बाईने रांजणीच्या बाईशी अदलाबदल केली, तर पैसाही लागत नाही. आणलेला नर दोन आठवडे वेगळा ठेवावा, मानमोडीची लस दिली आहे का ते विचारून घ्यावे. जुना नर त्याच वेळी काढला असेल, तर नवा सोडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खावीत किंवा विकावीत, कारण त्यांत जुन्याचे बीज असू शकते. त्यानंतरच्या अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घालून ठेवावी आणि आठवड्याच्या आतली तेवढीच खुडूक कोंबडीखाली ठेवावीत.